पाणी गेलं मुंबईला, विचारलं कोणाला?

 

आज आपण पाण्याबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, त्यात नवीन काय? पाण्याबद्दल तर आपण रोजच बोलतो. टँकर आला का, हापशाला पाणी आहे का, विहिरीवर नंबर कोणाचा, हे आपलं रोजचंच बोलणं आहे. पण आज मला पाण्याचा इतिहास सांगायचा आहे. आपल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यातलं पाणी कुठे गेलं, कधी गेलं, कोणी नेलं, आणि नेताना कोणाला विचारलं. हा शेवटचा प्रश्न मनात धरून ऐका, कारण सगळी गोष्ट तिथेच येऊन थांबते.

माझं माहेर कसाऱ्याच्या बाजूला एका पाड्यावर आणि सासर वाशिंदजवळ. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच मे महिन्यात मला नवल वाटलं ते भातसा नदीचं. भर उन्हाळ्यात नदी वाहती! माहेरी तर होळी झाली की ओहोळ आटायचा. आई पहाटे तीनला उठून विहिरीवर जायची. तळाला साचलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं, हंडा भरला की चुंबळीवर ठेवून डोंगर चढायचा. विहीर आटली की ओहोळाच्या वाळूत डवरा खणायचा आणि पाणी झिरपायची वाट बघत बसायचं. मी सासूबाईंना विचारलं, "आमच्याकडे ओहोळ कोरडा, मग इथे नदी कशी भरलेली?" त्या म्हणाल्या, "अगं, हे आपलं पाणी नाही. हे मुंबईचं पाणी आहे. आपल्या दारावरून जातंय एवढंच."

ते वाक्य मी विसरले नाही. दारावरून जाणारं पाणी दुसऱ्याचं कसं झालं, हे समजून घ्यायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

पाऊस भरपूर, मग पाणी कमी का?

आधी निसर्गाची बाजू बघू. आपल्या तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दुष्काळी म्हणून ज्यांची नावं घेतात त्या माण-खटावसारख्या भागात पाचशेच्या आसपास पडतो. म्हणजे आपल्याकडे पाच पट पाऊस, आणि तरी फेब्रुवारी-मार्चपासून पाड्यांवर टँकर सुरू होतात.

याचं एक कारण आपल्या पायाखाली आहे. आपली जमीन म्हणजे वर वीतभर माती आणि खाली काळा कातळ. या कातळात पाणी फार मुरत नाही. त्यात सह्याद्रीचा उतार तीव्र. चार महिने पाऊस कोसळतो आणि बघता बघता ओहोळातून नदीत आणि नदीतून खाडीत निघून जातो. धरणं झाली ती खोऱ्यात, पाडे बसलेत वर टेपावर. धरणाचं पाणी मुंबईकडे उताराने जातं, पण पाड्यावर चढवायचं तर पंप लागतो, वीज लागते, पाइप लागतो, आणि ते सगळं चालवायला पैसा आणि माणूस लागतो.

पण एवढंच कारण असतं तर मुंबईलाही पाणी मिळालं नसतं. मुंबई तर समुद्रातलं बेट. तिथे पाणी पोचलं, कारण कोणीतरी ठरवलं की ते पोचलंच पाहिजे. आपल्याबद्दल तसं कोणी ठरवलं नाही. उतार आणि कातळ हे अर्धं कारण झालं. उरलेलं अर्धं कारभाराचं आहे.

रेल्वे आली, मग नळ आला

इंग्रजांच्या राज्यात 1853 साली मुंबई ते ठाणे रेल्वे धावली. पुढच्या वर्षी ती कल्याणला आली आणि 1 ऑक्टोबर 1855 रोजी आपल्या वाशिंदपर्यंत पोचली. काही वर्षं वाशिंद हेच या मार्गाचं शेवटचं टोक होतं. 1861 साली गाडी कसाऱ्यापर्यंत गेली. या रेल्वेने मुंबई वाढली. गिरण्या आल्या, माणसं आली, आणि पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली.

मुंबईने पहिला तलाव बांधला विहारला, तो 1860 साली पूर्ण झाला. तो पुरेना म्हणून 1879 साली तुळशी तलाव झाला. तोही पुरेना. मग इंजिनिअरांची नजर लांब गेली, ती आपल्या शहापूर तालुक्यातल्या तानसा नदीवर. 1892 साली तानसा धरण पूर्ण झालं. व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन याने त्याचं उद्‌घाटन केलं. सुमारे 2.8 किलोमीटर लांबीची ती दगडी भिंत त्या काळात जगातल्या मोठ्या बांधकामांत धरली जायची. पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने, नळातून मुंबईपर्यंत जायचं. आजही जातं.

काम म्हणून ते मोठंच होतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण आपला प्रश्न आठवा. विचारलं कोणाला? तेव्हा ना मतदान होतं, ना गावाला बोलायची सोय. जमीन घ्यायचा इंग्रजांचा कायदा 1870 सालचा, पुढे तो 1894 साली नव्याने झाला. "सार्वजनिक काम" एवढे दोन शब्द म्हटले की जमीन सरकारजमा करता यायची. नदीकाठचा ठाकूर, कातकरी, कोळी, कुणबी या कागदात कुठेच नव्हता. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांना भरपाई कसली? जो जंगलावर जगतो त्याच्या नावावर कागद नसतोच.

स्वराज्य आलं, पण धरणाची रीत तीच

मधल्या काळातली एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या अगदी जवळ घडली. वाशिंदहून कल्याणकडे निघालं की खडवली आणि मग टिटवाळा. आपण टिटवाळ्याला गणपतीला जातो. त्याच टिटवाळ्याला जानेवारी 1945 मध्ये किसान सभेची महाराष्ट्र परिषद भरली होती. ठाणे जिल्ह्यातले वारली तिथे आले होते. जमीनदाराकडे वेठबिगार करणारी, लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या गडी म्हणून राबणारी ही माणसं. त्यांनी पहिल्यांदा बघितलं की आपल्यासारखी हजार माणसं एकत्र बसून बोलू शकतात. त्याच वर्षी 23 मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं, वेठ करायची नाही, फुकट राबायचं नाही. या कामात पुढे होत्या गोदावरी परुळेकर. त्यांनी या सगळ्याबद्दल 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

ही गोष्ट मी का सांगितली? कारण आपल्या जिल्ह्यातल्या गरीब माणसाला "नाही" म्हणता येतं हे तिथे दिसलं. नंतर 1947 साली स्वराज्य आलं. आता तरी धरण बांधताना विचारतील असं वाटलं असेल लोकांना. पण वैतरणा नदीवर मोडकसागर धरण 1957 सालच्या सुमारास झालं, तेव्हाही वरून ठरलं आणि खाली कळलं. या धरणाला मुंबई पालिकेचे इंजिनिअर नानासाहेब मोडक यांचं नाव आहे. धरण इथलं आणि नाव बांधणाऱ्याचं, म्हणून एखाद्या पोरीला विचारलं की वैतरणा कुठे उगम पावते, तर ती सांगेल त्र्यंबकेश्वराजवळ. पण या धरणाखाली कोणाची भातखाचरं गेली हे विचारलं, तर सांगणारं कोणी उरलेलं नाही.

मग आलं भातसा. काम सुरू झालं 1970 च्या आसपास आणि धरण पूर्ण झालं 1983 च्या सुमारास. हा राज्य सरकारचा प्रकल्प. शेतीला पाणी, थोडी वीज आणि मुंबईला पाणी असं त्याचं ठरलेलं काम. पण मुंबईची तहान वाढत गेली. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून साधारण 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर साठा होतो. त्यातला 7 लाख 17 हजार दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा, एकट्या भातसाचा. त्यात तानसा आणि मोडकसागर मिळवले तर मुंबईच्या साठ्यातला दोन तृतीयांश भाग आपल्या एका शहापूर तालुक्यातला होतो. धरणातून सोडलेलं पाणी भातसा नदीतून वाहत वाशिंदवरून खाली जातं, भिवंडी तालुक्यातल्या पिसे बंधाऱ्यावर पंपाने उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईला जातं. माझ्या सासूबाईंनी सांगितलेलं "मुंबईचं पाणी" ते हेच.

भातसात जमिनी गेल्या त्यांचं काय? धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात पहिल्यांदा झाला तो 1976 साली. पुढे 1986 आणि 1999 साली तो नव्याने झाला. पण भातसाचं काम 1976 च्या आधीच सुरू झालेलं. म्हणजे आधी बुडवणं आणि मग कायदा. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची पुढची पिढी दाखला हातात घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढत राहिली.

इकडे मुरबाडच्या बाजूला बारवी धरण झालं 1972 साली, ते औद्योगिक महामंडळाचं. त्यातून कारखान्यांना आणि कल्याण, अंबरनाथ, बदलापूरच्या बाजूच्या शहरांना पाणी जातं. नंतर त्याची उंची वाढवली आणि आणखी गावं उठली. 2014 साली वैतरणेवरच मोखाड्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण झालं, शंभर मीटरहून उंच.

धरणाचा मालक आपल्याला निवडणुकीत भेटत नाही

आता जरा थांबून विचार करू. आपण ग्रामपंचायतीला मत देतो, पंचायत समितीला, जिल्हा परिषदेला, विधानसभेला, लोकसभेला देतो. पण तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही धरणं आहेत मुंबई महापालिकेची. मुंबई महापालिकेला आपलं मत नाही. तिथला नगरसेवक मत मागायला आपल्या पाड्यावर येत नाही. ज्याच्या हातात पाण्याचा दरवाजा आहे त्याला आपल्याला उत्तर द्यावं लागत नाही. आणि ज्या सरपंचाला आपण धारेवर धरतो त्याच्या हातात धरण नाही, पंप नाही, पैसाही थोडाच.

गरीब देशांचा कारभार का अडतो याबद्दल शिकलेली माणसं मोठमोठं बोलतात. मला त्याचा अर्थ एवढाच कळतो. जिथे निर्णय होतो तिथे आपण नसतो. आणि जिथे आपण असतो तिथे निर्णय होत नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. आफ्रिकेत लेसोथो नावाचा एक छोटा डोंगरी देश आहे. त्याच्या चारी बाजूंना दक्षिण आफ्रिका हा मोठा देश. 1986 साली दोघांत करार झाला. लेसोथोच्या डोंगरात धरणं बांधायची आणि पाणी दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गच्या परिसराला द्यायचं. कात्से नावाचं मोठं धरण झालं. फरक एवढा की लेसोथो वेगळा देश, म्हणून त्याने पाण्याचा मोबदला मागितला आणि त्याला तो मिळतो. आपल्या तालुक्याला असा मोबदला मागायचा हक्कच नाही. पण पुढची गोष्टही ऐका. तिथेही पैसा राजधानीत जमा होतो आणि धरणाच्या वरच्या गावांतल्या बाया अजून झऱ्यावरून पाणी वाहतात. म्हणजे नुसता पैसा मिळून भागत नाही. तो गावापर्यंत यावा म्हणून गावालाच बोलावं लागतं.

आणि मुंबईला वैरी समजू नका, हेही सांगते. आपली पोरं पहाटेच्या कसारा लोकलने मुंबईलाच कामाला जातात. तिथल्या झोपडपट्टीतल्या बायाही रात्री जागून नळावर भांडी लावतात. पाणी त्यांनाही लागतं. आपलं म्हणणं एवढंच आहे की ज्या डोंगरातून पाणी येतं तिथल्या बाईचा हंडाही भरला पाहिजे. "धरण उशाला, कोरड घशाला" असं आपण म्हणतो. पण नुसतं म्हणून सोडून द्यायची सवय आपल्याला लागली आहे. ती मोडायला हवी.

काळू नदीवर काय झालं

आता एक गोष्ट मुरबाडची, ही मी आवर्जून सांगते. काळू नदीवर मुरबाड तालुक्यात मोठं धरण बांधायचं ठरलं, शहरांना पाणी द्यायला. 2011 साली कामाला सुरुवात झाली. जंगलाची जमीन बुडणार होती, पण तिच्या परवानगीआधीच यंत्रं आली. बुडणाऱ्या गावांनी ग्रामसभा घेतल्या आणि ठराव केले की आमची संमती नाही. श्रमिक मुक्ती संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. 2012 साली न्यायालयाने ते काम थांबवायला सांगितलं.

मैत्रिणींनो, विषय तिथे संपलेला नाही, काळू धरणाचा प्रस्ताव पुन्हा पुन्हा वर येतो. धरण व्हावं की होऊ नये यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. पण तानसाच्या वेळी 1892 साली जे घडलं नाही ते इथे घडलं. गावाने तोंड उघडलं, लिहून ठेवलं, आणि ते लिहिलेलं न्यायालयापर्यंत गेलं.

हे कशाने शक्य झालं? मधल्या सव्वाशे वर्षांत कायदे बदलले म्हणून. आणि कायदे आपोआप बदलले नाहीत, टिटवाळ्यापासून पुढे माणसं बोलत राहिली म्हणून बदलले.

कायद्याने आपल्या हातात काय दिलं

आता थोडा कायद्याचा इतिहास सांगते. कंटाळू नका, हाच कामाचा आहे.

महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदा 1958 सालचा. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. तेव्हा त्यात बायका म्हणजे नावापुरती एखादी-दुसरी जागा. 1990 साली महाराष्ट्राने बायकांसाठी 30 टक्के जागा ठेवल्या. 1993 साली 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली, सगळ्या देशात एक तृतीयांश जागा आल्या. आणि 2011 साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. आज सरपंचाच्या निम्म्या खुर्च्या बायकांच्या आहेत. खुर्चीवर बाई आणि कारभार नवऱ्याचा, असंही बऱ्याच ठिकाणी चालतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे. पण ती खुर्ची आपली आहे हे आता कोणी नाकारू शकत नाही.

दुसरी गोष्ट, शहापूर तालुका हा सगळाच अनुसूचित क्षेत्रात येतो. मुरबाडमधली 77 गावंही येतात. अशा भागासाठी 1996 साली पेसा कायदा झाला आणि महाराष्ट्राने त्याचे नियम केले 2014 साली. या कायद्याने ग्रामसभा मोठी झाली. पाड्यालाही आपली वेगळी ग्रामसभा मागता येते. आदिवासी विकासाच्या पैशातला 5 टक्के भाग पेसा गावांना थेट मिळायची सोय झाली, आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचं. 2013 सालच्या भूसंपादन कायद्याने तर अनुसूचित भागात जमीन घेण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यायला सांगितलं आहे.

तिसरी गोष्ट 2006 सालचा वनहक्क कायदा. आपल्याकडे नळयोजना अडते ती पुष्कळदा जंगलाच्या हद्दीवर. तानसा अभयारण्य 1970 साली झालं. जंगल राखायलाच हवं, पण त्यातून पाइप न्यायचा म्हटला की फाइल अडते. या कायद्यात लिहिलं आहे की पिण्याचं पाणी, पाइपलाइन, छोटे तलाव, शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा कामांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, एवढ्या अटी. ही शिफारस करायला आपल्याला मंत्रालयात जायला नको, पारावर बसून करता येते. आणि या कायद्याखालच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका असाव्याच लागतात. आपण गेलो नाही तर सभाच पुरी होत नाही.

ग्रामसभेचं बळ किती असतं ते ओडिशात दिसलं. नियमगिरी डोंगरावर मोठ्या कंपनीची खाण होणार होती. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तिथल्या ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारांनी "नाही" सांगितलं आणि खाण झाली नाही. त्या सभांत बोलणाऱ्या बऱ्याच बाया अक्षर न शिकलेल्या होत्या.

पंचावन्न लिटरचा हिशोब

2019 साली जलजीवन मिशन सुरू झालं. घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी. आपला हंडा साधारण पंधरा लिटरचा धरा. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे अठरा हंडे. आज आपल्यातली कोण उन्हाळ्यात अठरा हंडे पाणी वापरते? आणि मोठ्या शहराला सरकारी मोजमाप आहे माणशी 135 ते 150 लिटर. पंचावन्न हा काही थाट नाही, तो आपला हक्क आहे.

या योजनेत गावाची पाणीपुरवठा समिती असते आणि तिच्यात निम्म्या बायका असायला हव्यात. तुमच्या गावातल्या समितीत कोण आहे, माहीत आहे का? कधी कधी समितीत आपलंच नाव असतं आणि आपल्यालाच ठाऊक नसतं!

शहापूरसाठी भावली धरणातून पाणी आणायची योजनाही मंजूर होऊन हाती घेतली गेली आहे. 97 गावं आणि 259 पाडे. भावली धरण आहे नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीजवळ. म्हणजे आपल्या तालुक्यात मुंबईची धरणं, आणि आपल्याला पाणी नाशिकहून. हसावं की रडावं? पण पाणी उताराने येणार असल्याने विजेचं बिल वाचतं, म्हणून योजना कामाची आहे. ती कुठवर आली, आपल्या पाड्याचं नाव यादीत आहे का, हे विचारणं आपलं काम.

माझा एक अनुभव

शेवटी माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा ग्रामसभेत उभी राहिले. टँकर आठवड्यात दोनदाच का येतो असं विचारलं. वरच्या बाकावरून उत्तर आलं, "ताई, नंतर बोलू." नंतर कोणी बोललं नाही. इतिवृत्ताच्या वहीत माझा प्रश्नच लिहिला गेला नव्हता. घरी येऊन मी रडले, खोटं कशाला सांगू.

पुढच्या वेळी आम्ही गटाच्या अकरा जणी गेलो. प्रश्न कागदावर लिहिला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले, आधीच आवक नोंदीत दिला आणि पोच घेतली. सभेत म्हटलं, "ठराव लिहा, मग आम्ही उठतो." ठराव लिहिला गेला. त्यातून फार मोठं काही झालं नाही. विहिरीतला गाळ निघाला, कठडा बांधला आणि त्या वर्षी विहीर होळीनंतरही महिनाभर टिकली. महिनाभर बायांना डवऱ्यावर बसावं लागलं नाही. माझ्यासाठी ते पुष्कळ होतं.

म्हणून सांगते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा असतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती कायद्यातच आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. जाताना हे पाच प्रश्न घेऊन जा.

एक, आपल्या नळयोजनेचा पाण्याचा स्रोत कोणता, आणि तो मे महिन्यात टिकतो का? टाकी झाली, नळ झाला आणि विहीरच आटली, तर काय उपयोग?

दोन, पाणी समितीत कोण कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली?

तीन, पेसाचा निधी किती आला आणि कशावर गेला?

चार, कोणतं काम वनखात्यामुळे अडलं आहे, आणि त्यासाठी ग्रामसभेने शिफारस दिली का?

पाच, आपल्या गावची जमीन नव्या धरणाला, रस्त्याला किंवा पाइपलाइनला मागितली आहे का? मागितली असेल तर सभेपुढे कागद आला का?

आणि उत्तर जे मिळेल ते वहीत लिहिलं जाईपर्यंत जागा सोडू नका. तोंडी उत्तर वाऱ्यावर जातं. मोडकसागरात कोणाची खाचरं गेली ते आज कोणी सांगू शकत नाही, कारण तेव्हा त्यांच्या बाजूने कोणी लिहून ठेवलं नाही. काळूच्या गावांनी लिहून ठेवलं, म्हणून त्यांचं ऐकावं लागलं.

तानसाच्या वेळी आपल्या पणजीला कोणी विचारलं नाही. भातसाच्या वेळी आजीला विचारलं नाही. आता आपल्याला विचारायला कायदा सांगतो. पण विचारायला कोणी आलं आणि आपण विहिरीवर हंडा घेऊन उभ्या असलो, तर उत्तर दुसरंच कोणीतरी देईल. पुढची ग्रामसभा कधी आहे ते आजच विचारून घ्या, आणि शेजारणीलाही सांगा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.